टायमिंग बेल्ट पुन्हा पुन्हा खराब होतोय? नवा बेल्ट टाकण्याआधी हे तपासा

माझी गाडी 2010 ची डिझेल हॅचबॅक, एमएच 13 म्हणजे सोलापूर पासिंगची. 2018 साली सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर 84,000 किमी होते. पुढच्या पाच वर्षांत या इंजिनाचे तीन टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळती ठेवणारा दातेरी रबरी पट्टा) गेले. पहिला रस्त्यात तुटला, दुसरा आणि तिसरा तुटायच्या आत हाती लागले. तेवढ्या चाळीस हजार किमीत खरं तर एकच बेल्ट बदलायला हवा होता. तीन का लागले ते सापडायला मला चार वर्षं लागली आणि कारण निघालं एका रबरी पाइपात, बेल्टपासून हातभर लांब. तुमच्या जुन्या गाडीचा बेल्ट मुदतीच्या आधी खराब होत असेल किंवा तो कधी बदलायचा हेच कळत नसेल, तर हे वाचून मग गॅरेजला जा.

2019 चा मे महिना. अक्कलकोटहून स्वामींचं दर्शन घेऊन परत येत होतो, मागे आई-वडील बसलेले. वळसंगच्या जवळ, साठ-पासष्टच्या वेगात, कसलाही आवाज न करता इंजिन बंद पडलं. फक्त एकदा 'खट्' झालं, एसीचा पंखा फिरत राहिला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक दोनदा नीट लागला, तिसऱ्यांदा पाय टणक पेडलवर आपटला. कशीबशी गाडी कडेला एका लिंबाखाली घेतली. सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीसारखं कण्हत, रेटत फिरेना. मोकळं शिलाई मशीन फिरावं तसं भर्रकन फिरलं. हा आवाज लक्षात ठेवा. कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) राहिलेलं नाही, म्हणून सेल्फवर इंजिन असं हलकं फिरतं.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं. रस्त्यावरची दोन भली माणसं मदतीला आली आणि म्हणाली, "दुसऱ्यात टाका, धक्का मारतो." धक्का मारला. दोनदा मारला. टोचन करून गाडी सोलापुरात आणली, हेड (सिलिंडरांवरचा भाग) उतरवलं, तेव्हा आठपैकी सहा वॉल्व्ह, म्हणजे झडपा, वाकलेले निघाले आणि एका पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा ठसा उमटलेला होता, नखाएवढा, चकचकीत. त्यातले किती वॉल्व्ह बेल्ट तुटतानाच वाकले आणि किती त्या धक्क्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बिल 31,000 रुपये झालं. आधीच्या मालकानं गाडी देताना "बेल्ट बदललाय" एवढं तोंडी सांगितलं होतं. पावती नव्हती, आणि मी मागितलीही नव्हती.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर होते. आयुष्यभर माग बांधले, दुरुस्त केले. वाकलेला वॉल्व्ह त्यांच्या हातात दिला, मेकॅनिकनं दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं आणि त्यांना लगेच उमगलं. म्हणाले, "म्हणजे धोटा मध्ये असताना ताणा मिटला." मागावर असंच असतं. ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट मोकळी होते तेवढ्या क्षणात आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला जायला हवा. वाट आधी मिटली की धोटा अडकतो आणि शेकडो धागे एकदम तुटतात. साध्या मागाचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक घेतो. गाडीच्या इंजिनाचाही हिशोब नेमका हाच आहे: पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे, वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. मागावर हे गणित दातेरी चाकं सांभाळतात, तर माझ्यासारख्या गाडीत एक दातेरी रबरी पट्टा. इंजिन 2,000 आरपीएमवर (मिनिटाला 2,000 फेरे) असताना प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा खाली येतो आणि पिस्टन वर पोचायच्या आत बाजूला होतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त लागतं, म्हणून पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मधे जेमतेम जागा उरते. बेल्ट तुटला की कॅम असेल तिथं थांबतो, उघडे वॉल्व्ह उघडेच राहतात आणि गाडीच्या वेगानं फिरणारा क्रँक पिस्टन त्यांच्यावर नेऊन आपटतो. काही पेट्रोल इंजिनं अशी असतात की बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडत नाही. डिझेलमध्ये ती आशा धरू नका.

आता दुसरा आणि तिसरा बेल्ट.

2019 ला हेडच्या कामासोबत नवा बेल्ट पडला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जुनाच ठेवला, कारण "चांगला आहे, फिरवून बघितला" असं सांगण्यात आलं. 2021 च्या पावसाळ्यात 1,12,000 किमीच्या आसपास इंजिनाच्या पुढच्या बाजूनं घरघर यायला लागली. कव्हर काढलं तर टेन्शनरचं बेअरिंग वाजत होतं आणि बेल्ट इंजिन ऑइलनं भिजला होता. नवा बेल्ट, नवा टेन्शनर आणि कॅमशाफ्टचं ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) असं सगळं बदललं. वाटलं, मिटलं. 2023 च्या मार्चमध्ये पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तेलाचे ठिपके दिसले. कव्हर काढलं, बेल्ट ओला. दाते बोटानं दाबले तर भिजलेल्या खोडरबरासारखे मऊ लागले. जेमतेम बारा हजार किमी धावलेला बेल्ट.

वडिलांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "तोच धागा त्याच जागी परत तुटत असेल तर गाठी मारत बसू नये. फणी बघावी." मागाच्या फणीला कुठं बारीक खरखर असली की तिथून जाणारा धागा रोज तुटतो. नवा कारागीर रोज गाठ मारतो, जुना कारागीर फणीवरून बोट फिरवतो. मी चार वर्षं गाठीच मारत होतो.

मग अक्कलकोट रोडच्या बाजूला गॅरेज असलेल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बेल्टकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. झाकण उकळत्या भांड्यावरच्या ताटलीसारखं थडथड उडायला लागलं आणि खाली पडलं. "सील काय करेल बिचारं," ते म्हणाले, "आतून हवा ढकलतेय."

कारण: तुंबलेला ब्रीदर

सिलिंडरमध्ये डिझेल जळतं तेव्हा थोडासा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑइलच्या भागात उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो, जुन्यात जास्त. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर पाइप असतो. त्यातून तो वायू परत एअर इनटेककडे जातो. वायूबरोबर ऑइलची वाफ आणि काजळी असते. वर्षानुवर्षं ती पाइपात साचत जाते. माझ्या गाडीचा पाइप चाचांनी काढून हातात दिला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड, पण आतली वाट पेन्सिलीएवढीही उरली नव्हती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर डांबरासारखी काळी, घट्ट साल निघाली. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि जिथं इंजिन सगळ्यात कच्चं तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. माझ्या इंजिनात ती जागा म्हणजे कॅमशाफ्टचं सील, आणि ते बरोबर बेल्टच्या डोक्यावर. नवं सील टाकलं तरी काही महिन्यांत तेच होत होतं. ऑइलनं बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं, दात्यांची पकड जाते. 2019 ला तुटलेल्या बेल्टचे तुकडे मी जपून ठेवले नाहीत, पण आता माझी खात्री आहे की त्याचीही कहाणी हीच असणार.

नवा पाइप टाकला, ऑइल वेगळं करणारा डबा डिझेलनं धुतला. झाकण परत उलटं ठेवून बघितलं. थोडं हललं, पण जागेवर राहिलं. जुन्या डिझेलमध्ये एवढं चालतं.

ही तपासणी तुम्ही घरी करू शकता. इंजिन गरम करा, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवा, झाकण काढून उलटं टेकवा. अधूनमधून थोडं ऑइल उडेल, धूर दिसेल, त्यानं घाबरू नका. झाकण उडून पडत असेल किंवा धुराचे झोत भसाभसा येत असतील तर पुढची पायरी: ब्रीदर पाइप इंजिनाच्या बाजूनं सोडवा आणि पुन्हा बघा. पाइप सोडवल्यावर झाकण शांत झालं तर दोष पाइपात. तरीही उडतच असेल तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत, कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि मगच बेल्टवर पैसे घाला. काही पेट्रोल गाड्यांत झाकण उघडलं की आयडल खाली-वर होतं, त्याचा या दोषाशी संबंध नाही.

काढलेला बेल्ट फेकू नका, वाचा

जुना बेल्ट बहुतेक वेळा गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगारात जातो. तो मागून घ्या, उजेडात धरा. काय बिघडलं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं.

ऑइलनं ओला, चिकट असेल तर कुठलंसं सील किंवा टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग गळतंय. सगळ्यात आधी पॅकिंग बघा, तेच सगळ्यात स्वस्त काम. चालू बेल्ट ऑइल चौफेर उडवतो, त्यामुळं नुसतं बघून कुठलं सील ते कळत नाही. कव्हरच्या आतली बाजू पुसून कोरडी करा, दोन दिवस गाडी चालवा आणि परत उघडून बघा. ओल वरच्या पुलीपाशी सुरू झाली असेल तर कॅमचं सील, फक्त खाली असेल तर क्रँकचं.

पांढरट किंवा हिरवट सुकलेले डाग म्हणजे कूलंट, आणि कूलंट तिथं आलं म्हणजे बहुधा पाण्याचा पंप गळतोय. बेल्टची एकच कड सुतासारखी उसवलेली असेल तर बेल्ट तिरका चालतोय: टेन्शनर वाकडा आहे, एखादी पुली नीट बसलेली नाही किंवा पंपाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे. पाठीवर आडव्या भेगा असतील तर ते वय आणि उष्णता. दातेच गळाले असतील तर बेल्ट सैल होता, किंवा त्याच्यावर फिरणारा एखादा पंप जाम होत होता, हे दुसरं जास्त धोक्याचं.

आणि खड्डे. माझ्या 2023 च्या बेल्टच्या पाठीवर बारीक खड्डे होते, सुईनं टोचल्यासारखे. चाचांनी खालचं कव्हर दाखवलं. एक कोपरा तुटलेला, दोन बोल्ट गायब. आधीच्या कुठल्यातरी कामात ते परत लावलेच नव्हते. त्या फटीतून खडी आणि धूळ आत जात होती आणि पुलीच्या तळाला काळ्या मातीचा वाळलेला थर बसला होता. आपल्याकडं पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती चाकांनी सगळीकडं उडते, उन्हाळ्यात तिची पूड होते. कव्हर ही शोभेची वस्तू नाही. काम झाल्यावर सगळे बोल्ट मोजून लावून घ्या, कव्हर तुटलं असेल तर नवं मागवा.

एक आवाज मात्र यातून वगळा. सकाळी गाडी सुरू केल्यावर किंवा एसी लावताना जो चूंऽऽ असा चिरका आवाज येतो तो बहुधा बाहेरच्या बेल्टचा, म्हणजे आल्टरनेटर, एसीच्या पट्ट्याचा असतो. टायमिंग बेल्ट दातेरी, तो असा घसरून ओरडत नाही. लोक चूं-चूं बंद झाली की "बेल्टचं काम झालं" म्हणून निर्धास्त होतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा काहीही न सांगता जातो. फार तर टेन्शनरची घरघर ऐकू येते.

मग बदलायचा कधी

आधी गाडीत बेल्ट आहे की चेन, ते बघा. मारुती 800, ओम्नी, जुनी 800 सीसीची अल्टो, सँट्रो झिंग, 1.1 लिटरची आय10, 1.4 डिझेल इंडिका, जुनी 2.5 डिझेल इनोव्हा, 1.5 डिझेल डस्टर यांत बेल्ट. स्विफ्ट-डिझायरचं 1.3 डिझेल, मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, 1.2 कप्पा इंजिनाची आय10, इनोव्हा क्रिस्टा 2.4 यांत चेन. चेनला ठरलेली बदलायची मुदत नसते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल पडते आणि सकाळी सुरू करताना खडखडते. तो वेगळा विषय.

बेल्टची मुदत प्रत्येक इंजिनाची वेगळी असते आणि ती गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते, किमीमध्ये आणि बऱ्याचदा वर्षांमध्येही. दोन्हींपैकी जे आधी येईल ते खरं. जुन्या गाड्यांचे मालक नेमके इथंच फसतात. गाडी कमी चालते, वर्षाला पाच-सहा हजार किमी, म्हणून बेल्टही कमी झिजला असेल असं वाटतं. रबराचं वय वर्षांनी वाढतं, गाडी उभी असली तरी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढं जातो, उन्हात लावलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. इंजिन त्याहून कितीतरी गरम. बाहेरून काळाभोर, गुळगुळीत दिसणारा आठ वर्षांचा बेल्ट आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत कमजोर झालेला असू शकतो आणि डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून "उघडून बघितला, चांगला आहे" हे उत्तर वय झालेल्या बेल्टसाठी मी मान्य करत नाही. उघडून बघणं हे खराब बेल्ट पकडण्यासाठी आहे, जुन्याला मुदतवाढ देण्यासाठी नाही.

पुस्तिकेत बहुधा खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो: धूळ, उष्णता, थांबत-थांबत चालवणं, जास्त आयडलिंग. सोलापूरची गाडी त्या तक्त्यात बसते. भाड्यानं चालणारी तर नक्कीच. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट अशी ट्रिप असते, माणसं दर्शनाला जातात आणि ड्रायव्हर दोन तास एसी लावून पार्किंगमध्ये. मीटर शून्य किमी पुढं जातो. पण 800 आरपीएमवर तासाला क्रँकचे 48,000 फेरे होतात. हमरस्त्यावर 60 च्या वेगात इंजिन 2,000 आरपीएमवर असेल तर तासाला 1,20,000 फेरे. म्हणजे एक तास उभं राहून एसी लावणं हे बेल्टच्या दृष्टीनं साधारण 24 किमी धावण्याइतकं. वर्षभराची बेरीज तुम्हीच करा.

जुन्या इनोव्हावाल्यांसाठी एक खास गोष्ट. डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो, तो ठरलेल्या किमीनंतर लागतो. तो बेल्ट तपासत नाही, फक्त किमी मोजतो. ऑइल गळतंय, बेल्ट दहा वर्षांचा झालाय, हे त्याला कळत नाही. आणि बेल्ट न बदलता तो दिवा विझवता येतो. सेकंडहँड गाडीत दिवा विझलेला आहे हा पुरावा नव्हे.

सेकंडहँडचा माझा नियम आता सरळ आहे. तारीख, किमी आणि पार्टचं नाव असलेली पावती हातात नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरायचं आणि गाडी घेतल्या आठवड्यातच बदलायचा. पावती असेल आणि पाच वर्षं झाली असतील तरी बदलायचा. बाकी वेळी पुस्तिकेतल्या किमीच्या थोडं आधी, आणि पाच वर्षांपेक्षा उशीर नाही. पुस्तिकेत याहून कमी मुदत असेल तर अर्थातच ती.

"एवढ्या जुन्या गाडीत आता कशाला पैसे घालायचे?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझ्या गाडीला 2025 मध्ये पंधरा वर्षं झाली, पुनर्नोंदणी केली, आणखी पाच वर्षं मिळाली. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर हे सगळं बघतात. टायमिंगचं कव्हर कुणी उघडत नाही. गाडी पास झाली म्हणजे बेल्ट पास झाला असं नाही. आणि ज्या गाडीची बाजारातली किंमतच थोडी आहे तिला हेडचं काम परवडत नाही, म्हणून तिच्यात बेल्ट वेळेवर बदलणं जास्त गरजेचं आहे. 2023 ला मला बेल्ट किट, दोन्ही सील, पाण्याचा पंप, ब्रीदर पाइप आणि मजुरी धरून 9,000 च्या आत पडलं. 2019 चं बिल वर सांगितलंच आहे.

बदलताना

नुसता बेल्ट टाकू नका. बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) एकत्र बदला, किट मिळतं. पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. बेल्ट स्वस्त आहे, पैसे जातात ते तिथपर्यंत पोचायच्या मजुरीत, आणि कव्हर दुसऱ्यांदा उघडायचं तर ती मजुरी पुन्हा द्यायची. माझा 2019 चा जुना टेन्शनर दोन वर्षांत वाजायला लागला तो असाच. कॅम आणि क्रँकची सीलं त्याच वेळी बदला, ब्रीदर त्याच वेळी साफ करा.

नवा बेल्ट कुणी दुमडून खिशात घालत असेल, पिळून दाखवत असेल तर तो घेऊ नका. आतले काचतंतू घडीवर मोडतात, बाहेर काही दिसत नाही. पेटीवरचा पार्ट नंबर आणि बेल्टवरचा नंबर जुळवून बघा. बेल्टवर ग्रीस, स्प्रे, पावडर, काहीही लावू द्यायचं नाही.

काम चालू असताना शक्य असेल तर समोर उभे राहा. पुल्यांवरच्या खुणा जुळवून, बेल्ट चढवून, ताण देऊन झाला की मेकॅनिकनं क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायला हवा, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, आणि खुणा परत जुळतात का ते बघायला हवं. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक पूर्ण होतो. चाचांनी हे केलं तेव्हा पाना अतिशय हळू फिरवला, कान इंजिनाकडं. मधे कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं, असं ते म्हणाले. दाता चुकला असता तर खुणा जुळल्या नसत्या, आणि वॉल्व्ह पिस्टनला अडला असता तर तिथंच हाताला कळलं असतं. सेल्फ मारून बघणारा मेकॅनिक तेच वॉल्व्ह वाकवून बघतो.

रस्त्यात तुटला तर

चालत्या गाडीत इंजिन गपकन गेलं, सेल्फवर ते हलकं, भर्रकन फिरतंय, चालू व्हायचं नाव घेत नाही: दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. धक्का स्टार्ट अजिबात नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेकला दोन-तीनदाच नीट जोर असतो, म्हणून पंप न करता एकाच दाबात कडेला घ्या. टोचन करताना गिअरमध्ये राहिली तर चाकं इंजिन फिरवत राहतील, ते दोनदा तपासा. गाडी आणल्यावर नवा बेल्ट टाकून "चालू होते का बघू" असं कुणी म्हणालं तर आधी कॉम्प्रेशन बघायला सांगा.

गेल्या मे महिन्यात मी वरचं कव्हर स्वतः उघडलं. गाडी रात्रभर थंड केलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली, दहाच्या पान्याचे चार बोल्ट. टॉर्च मारली. बेल्ट कोरडा, दाते शाबूत, कॅमच्या सीलखाली बोट फिरवलं तर फक्त धूळ. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांनीही बोट फिरवून बघितलं, मग धोतराला पुसलं. कव्हर लावून चारही बोल्ट घट्ट केले. कव्हरच्या बाहेर चाचांनी पांढऱ्या पेंटनं लिहिलेलं अजून स्पष्ट वाचता येतं: 1,24,300, मार्च 2023. त्याखाली मी मार्करनं लिहिलंय: मार्च 2028.